परत न केलेलं पुस्तक

(१९९५ साली दहावी झालेल्या आपल्या बॅचच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५मध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे.)



संयोजकांनी ग्रुपवर टाकलं होतं की प्रत्येक तुकडीतून एकाने ‘शाळेने मला काय दिलं’ यावर पंधरा मिनिटं बोलायचं. आमच्या ‘ब’ तुकडीत तीन दिवस कोणीच काही बोललं नाही. सगळ्यांच्या निळ्या खुणा आल्या होत्या, म्हणजे वाचलं सगळ्यांनी होतं. शेवटी शाळेत व्हायचं तेच झालं, मॉनिटरने परस्पर माझं नाव देऊन टाकलं. मॉनिटर आज एका बँकेत मोठ्या पदावर आहे, पण सवय गेलेली नाही.

संस्कार, शिस्त, मैत्री, मैदान हे सगळं ‘अ’ तुकडीने माझ्याआधी घेतलं. त्यामुळे मी एक वस्तू आणली आहे. हे पुस्तक. तपकिरी कागदाचं कव्हर आहे, आत आपल्या शाळेचा गोल जांभळा शिक्का आहे, आणि मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी आहे. चिठ्ठीवरची शेवटची तारीख जुलै १९९४ची आहे. ग्रंथपाल सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात आणि मला दिसताय. दंड किती झाला याचा हिशेब तुम्ही मनातल्या मनात सुरू केला असणार. थोडं थांबा, कारण हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे.

पुस्तकाचं नाव ‘यक्षांची देणगी’. लेखक जयंत विष्णू नारळीकर. पहिल्यांदा आलं १९७९ साली. मीही १९७९चीच, म्हणजे आम्ही दोघं एकाच वर्षाचे. माझी पानं थोडी जास्त पिवळी पडली आहेत, एवढाच फरक.

नारळीकर सरांचं नाव घेतलं की आपल्याला आयुका आठवते, पद्मविभूषण आठवतं, फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ साली मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आठवतो. त्या सगळ्याच्या तुलनेत हा लहानसा कथासंग्रह म्हणजे मोठ्या वाड्याच्या अंगणातली तुळस. पुढे त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण मराठीतल्या कित्येक घरांत आणि शाळांच्या कपाटांत त्यांचं जे पहिलं पुस्तक शिरलं, ते हे. यावर्षी २० मे रोजी सर पुण्यात गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक काढली. पुस्तक तिथेच होतं, ते तिथे आहे हे मला तीस वर्षं माहीत होतं.

या कथा कशा सुरू झाल्या ते आधी सांगते. नारळीकर केंब्रिजहून १९७२ साली मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यांचे गुरू हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहीत, ‘द ब्लॅक क्लाऊड’ ही त्यांची १९५७ची कादंबरी प्रसिद्ध आहे. म्हणजे थोर शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिल्या तर त्याचं शास्त्र उणावत नाही, हे शिष्याने जवळून पाहिलेलं होतं. पुढे अहमदाबादच्या एका परिसंवादात एक कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना त्यांनी समोरच्या कागदांवर गोष्ट लिहायला घेतली. आपल्यापैकी जे लोक ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून भाजी निवडतात, त्यांनी यातून बोध घ्यावा.

मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती, साल १९७४. नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं: नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं बघा. ज. वि. ना. उलटे केले की ना. वि. ज. आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा मंगलाताईंनी आपल्या अक्षरात उतरवून काढली. मंगला नारळीकर स्वतः गणिती, ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या. त्या कथेचं नाव ‘कृष्णविवर’, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रकारच्या लेखनाची दखल घेतली. त्याच काळाच्या आगेमागे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर असे लेखक लिहू लागले आणि मराठीत विज्ञानकथेचं एक लहानसं पण स्वतःचं घर झालं. त्याआधी आपल्या पिढीच्या घरांत हा प्रकार मुख्यतः भा. रा. भागवतांच्या ज्यूल व्हर्नच्या रूपांतरांतून पोचलेला होता.

हे सगळं मला शाळेत अर्थातच माहीत नव्हतं. मला पुस्तक सापडलं ते एका धूमकेतूमुळे.

जुलै १९९४. आपण नुकतेच दहावीत गेलो होतो. पावसाळा, ओल्या छत्र्या, वर्गात गणवेशांचा कुबट वास. वर्तमानपत्रांत रोज येत होतं की शूमेकर-लेव्ही ९ नावाचा धूमकेतू गुरू ग्रहावर आदळणार आहे. त्याचे आधीच एकवीसच्या आसपास तुकडे झालेले होते आणि ते एकामागोमाग एक, १६ ते २२ जुलै या आठवड्यात आदळले. काहींचे काळे डाग पृथ्वीएवढ्या आकाराचे होते. विज्ञानाच्या बाईंनी ‘परावर्तन’ बाजूला ठेवून त्या दिवशी तासभर धूमकेतू शिकवला, आणि शेवटी म्हणाल्या, “असाच एक धूमकेतू पृथ्वीकडे येतो अशी नारळीकरांची गोष्ट आहे. वाचनालयात आहे, वाचा.” बाई, तुमच्या या एका वाक्याने मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या दाराशी चेंगराचेंगरी झाली होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

पुस्तक एकच होतं आणि ते माझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला मिळालं. तिचं नाव सांगायचं नाही अशी तिची अट आहे. ती आज या सभागृहात बसली आहे, आणि पुढचं सगळं मी तिची परवानगी घेऊन सांगते आहे.

माझं वाचनालयाचं कार्ड तेव्हा उशिरा पुस्तक दिल्याबद्दल जप्त होतं. मी तिच्या मागे लागले. तिचं वाचून व्हायचं होतं. मी म्हटलं, फक्त आजची रात्र दे. तिने दिलं.

आता त्या रात्री मी काय वाचलं ते सांगते, म्हणजे पुढचा गुन्हा थोडा समजून घेता येईल.

‘धूमकेतू’मध्ये कोलकात्याचा एक हौशी आकाशनिरीक्षक आहे. त्याला नवा धूमकेतू सापडतो, त्याचं नाव त्या धूमकेतूला मिळतं, आणि मग कळतं की तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आहे. जगभरातले शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येतात आणि त्याला वाटेतून ढकलण्याचा उपाय करतात. संकट टळतं. आणि घरी बायको म्हणते की आपण केलेल्या यज्ञामुळेच टळलं. चौदा-पंधरा वर्षांची मी ते वाचून खूप हसले होते. पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर १९९५ला, गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या गल्लीतल्या देवळासमोर सायन्सचे प्राध्यापकही वाटी-चमचा घेऊन उभे होते. पृष्ठताणाचा धडा त्यांनीच आम्हाला शिकवला होता. तेव्हा कळलं की त्या गोष्टीचा शेवट विनोदासाठी लिहिलेला नव्हता.

नारळीकरांनी तो प्रश्न गोष्टीत टाकून सोडून दिला नाही. २००८च्या सुमाराला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आलं असतं.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही दुसरी. तिच्यात क्रिकेट आहे, मोबियसची पट्टी आहे आणि आरसा आहे. बाईंनी आम्हाला ती पट्टी करून दाखवली होती: कागदाची लांब पट्टी घ्यायची, एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा आणि टोकं चिकटवायची. आता तिला दोन बाजू उरत नाहीत, एकच राहते. अशा पृष्ठावरून डाव्या हाताचा एखादा सपाट पंजा सरकवत पूर्ण फेरी मारून आणला तर तो उजव्या हाताचा होऊन येतो. हेच माणसाच्या बाबतीत झालं तर? परदेशी लेखकाने इथे डावखुरा माणूस उजवा केला असता आणि थांबला असता. नारळीकरांनी गणपती आणला. डाव्या सोंडेचा नेहमीचा, उजव्या सोंडेचा कडक, सोवळ्याचा, सिद्धटेकसारखा. सोंड कुठे वळते हे मराठी घरातल्या लहान पोरालाही कळतं. चौथ्या मितीची गोष्ट आपल्या देवघरातून सांगता येते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं.

‘कृष्णविवर’ ही कथा प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ संथ चालतं, या गोष्टीवर उभी आहे. तेव्हा ती मला निव्वळ जादू वाटली. आज ती माझी भाकरी आहे. मी ज्या कामात आहे त्यात गाडी या क्षणी नकाशावर नेमकी कुठे आहे हे काढावं लागतं. ते उपग्रहांच्या घड्याळांवरून काढतात, आणि ती घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. गुरुत्वाकर्षण वर कमी म्हणून ४५ने पुढे आणि वेगामुळे ७ने मागे. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे कोथरूडला मागवलेली बिर्याणी हडपसरच्या वाटेला लागेल. आज सकाळी रिक्षावाला ज्या ठिपक्याकडे बघून तुम्हाला इथे घेऊन आला, त्या ठिपक्यात ‘कृष्णविवर’मधलं विज्ञान आहे.

आणि मग ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. आपल्यापैकी ज्यांची मुलं अकरावीला केंद्रीय बोर्डात होती, त्यांच्या घरी ही गोष्ट ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने इंग्रजीच्या पुस्तकातून आलेली असेल. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच जगात जातात. त्या जगात १७६१ सालचं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. का? तर विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली. बस, एवढंच. गोळी बोटभर सरकली आणि पुढची दोनशे वर्षं वेगळी झाली. गंगाधरपंत मुंबईला एशियाटिकच्या ग्रंथालयात जाऊन हे सगळं वाचतात, आणि नकळत बखरीचं एक पान त्यांच्या खिशात राहतं. परत आपल्या जगात आल्यावर त्यांच्याजवळ पुरावा म्हणून तेवढं एक फाटकं पान असतं.

त्याच गोष्टीत एक सभा आहे. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते म्हणून पंत सवयीने जाऊन बसतात, कारण हजाराव्या सभेचं अध्यक्षपद त्यांना भूषवायचंच असतं. त्या जगात अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार ही पद्धतच बंद झालेली असते, त्यामुळे लोक त्यांच्यावर हाताला येईल ते फेकतात. मी माईक हातात घेतल्यापासून मागच्या रांगेतल्या मंडळींच्या हातांकडे लक्ष ठेवून आहे ते याचमुळे. गंमत म्हणजे २०२१ साली नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून नारळीकर निवडले गेले, आणि प्रकृतीमुळे त्यांना तिथे प्रत्यक्ष जाता आलं नाही. रिकाम्या खुर्चीची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाची खुर्ची त्या मांडवात रिकामी राहिली.

तर, ती रात्र. पहाटे दोनला वाचून संपलं. सकाळी पुस्तक परत द्यायचं होतं. मी दिलं नाही. “अजून थोडं राहिलंय,” म्हटलं. मग दुसऱ्या दिवशीही. मग चाचणी परीक्षा आली, मग गणपती आले. मला ते पुस्तक हवं होतं. इतकं साधं आहे ते. मला ते माझं व्हायला हवं होतं.

त्याच सुमाराला मी आयुकात शाळकरी मुलांसाठीच्या शनिवारच्या व्याख्यानाला गेले होते. नारळीकर सर मुलांना स्वाक्षरी देत नसत. ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. मी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आणलं. पत्ता लिहिला. प्रश्न लिहिला नाही. ज्या माणसाचं पुस्तक आपण ढापून बसलोय त्यालाच पत्र कसं लिहायचं, असं वाटलं. ते कोरं पोस्टकार्ड आजही या पुस्तकात आहे.

मार्च जवळ आला. वाचनालयाचं ‘काही येणं नाही’ असं पत्र सगळ्यांना हवं होतं. मैत्रिणीच्या नावावर एक पुस्तक निघालं. तिने मला विचारलं. आणि मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “मी दिलं होतं गं तुला परत. आठव ना.”

ती गप्प बसली. वाचनालयात तिने ‘हरवलं’ असं सांगितलं. पुस्तकाची किंमत आणि दंड मिळून पासष्ट रुपये झाले. माझ्या घरी पासष्ट रुपये म्हणजे रविवारचा एक सिनेमा. तिच्या वडलांचं इस्त्रीचं दुकान होतं. पासष्ट रुपयांत किती कपडे होतात हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. मोठी झाल्यावर केला, आणि मग पुन्हा करायचं टाळलं.

पुढे ती कॉमर्सला गेली. वर्गात गणितात आपल्या सगळ्यांच्या पुढे कोण होतं, हे गणिताच्या सरांना विचारा. मी इंजिनिअर झाले, २००१ साली, ऐन मंदीत, आणि तरी नोकरी लागली. मधल्या काळात मी स्वतःला सांगत आले की पासष्ट रुपयांनी कोणाचं आयुष्य बदलत नसतं. पण ज्या गोष्टीसाठी मी ते पुस्तक ठेवून घेतलं, तीच गोष्ट मला रोज सांगत होती की बोटभर अंतराने सगळं बदलतं.

यावर्षी ग्रुप झाला तेव्हा तिचा नंबर मिळाला. ऑगस्टमध्ये मी तिला भेटले. सिंहगड रस्त्याला तिचं घर आहे, पुढच्या खोलीत ती पाचवी ते दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर अर्धवट सोडवलेलं समीकरण. मी चहा व्हायच्या आतच बोलून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या दप्तरात पाहिलं होतं मी.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

म्हणाली, “बोलून काय झालं असतं? तू रडली असतीस. आणि दहावीला शेजारी कोण बसलं असतं?”

मी विचारलं, सायन्स का सोडलंस, त्या पैशांमुळे काही झालं का घरी? ती हसली. म्हणाली, “छे गं. एवढं महत्त्व नको देऊस स्वतःला. धाकट्या भावाला डिप्लोमाला घालायचं होतं. एकाचीच फी निघणार होती. ते पुस्तक परत आलं असतं तरी तेच झालं असतं.”

मला त्यातून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण याच पिढीच्या लेखनात नारळीकरांची ‘पुत्रवती भव’ ही कथा आहे. नावातच आशीर्वाद आहे, आणि मुलगाच हवा या हट्टाच्या हाती विज्ञानाने साधन दिलं तर काय होईल हा तिचा गाभा आहे. ती आली तेव्हा आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा नव्हता. महाराष्ट्राने तो १९८८ साली केला, देशाने १९९४ साली. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. विज्ञानकथा भविष्य सांगत नाही असं म्हणतात. ही आकडेवारी जनगणनेची आहे. आणि या आकड्यांत फक्त न जन्मलेल्या मुली आहेत. ज्या जन्मल्या, वर्गात पहिल्या आल्या आणि ज्यांची फी निघाली नाही, त्यांची मोजणी कुठल्याच रकान्यात होत नाही.

आता शेहेचाळिसाव्या वर्षी मी हा संग्रह पुन्हा वाचला, तेव्हा त्यातल्या उणिवाही दिसल्या, त्याही सांगायला हव्यात. पात्रं पुष्कळदा एकमेकांना वर्गात शिकवल्यासारखी बोलतात. एकाने विचारायचं, दुसऱ्याने समजावून सांगायचं. बायका कमी आहेत आणि ज्या आहेत त्यांच्याकडे दुर्बीण क्वचितच येते. ‘धूमकेतू’मध्ये यज्ञ बायकोच्या वाट्याला आला आणि शोध नवऱ्याच्या. ज्या कथेची स्पर्धेची प्रत एका गणिती बाईंच्या अक्षरात गेली, त्या लेखकाच्या सुरुवातीच्या गोष्टींत गणित करणारी बाई सहज भेटायला हवी होती, असं मला आज वाटतं.

पण त्यांची पद्धत मी रोज वापरते. कामावर नवीन मुलंमुली येतात तेव्हा मी त्यांना सांगते: चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं आहे तसं ठेवा आणि काय होतं ते शेवटपर्यंत बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही. नारळीकरांच्या चांगल्या कथा नेमक्या अशाच आहेत. एक गोळी सरकवायची. एक सोंड वळवायची. एक धूमकेतू थोडा आत आणायचा. बाकी पुणं तेच, माणसं तीच, त्यांचे हट्टही तेच. मी हे कॉलेजात शिकले असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी ते पहाटे दोन वाजता, चोरीच्या पुस्तकातून शिकले.

शेवटचं सांगते, मग जेवणाला मोकळं करते. सिंहगड रस्त्याच्या त्या घरातून निघताना मी पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हे तुझं. पैसे तू भरलेस. ती म्हणाली, “माझं कसं? शिक्का शाळेचा आहे. शाळेला दे.” मी पुस्तक पिशवीत घालत होते तेवढ्यात तिने विचारलं, “पण त्या पानिपतच्या गोष्टीत शेवटी काय होतं गं? तू नेलंस तेव्हा मी अर्ध्यात होते. ते ग्रंथालयात जाऊन बसतात तिथपर्यंत आले होते.”

एकतीस वर्षं. मध्ये ते पुस्तक दुकानात मिळत होतं, तिला घेता आलं असतं. पण पाचवी ते दहावीचे क्लास, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. राहून गेलं. मी तिला शेवट तोंडी सांगायला लागले तर तिने थांबवलं. म्हणाली, “सांगू नकोस. वाचीन मी.”

तेव्हा ग्रंथपाल सर, माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. हे पुस्तक मी आज सगळ्यांसमोर शाळेला परत करते आहे. बरोबर दोन नव्या प्रतीही आणल्या आहेत, त्या दाखल करून घ्याव्यात. पासष्ट रुपये मी तिला द्यायला गेले होते, तिने घेतले नाहीत, म्हणून त्यांचे आणि तीस वर्षांच्या दंडाचे मिळून एक पाकीट वाचनालयासाठी ठेवलं आहे. ज्या मुलामुलींना दंड भरता येत नाही म्हणून कार्ड मिळत नाही, त्यांच्यासाठी ते वापरा. आणि ही जुनी प्रत मात्र कपाटात ठेवू नका. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर जुलै १९९४च्या खाली अजून जागा आहे. तिथे आजची तारीख टाका आणि तिच्याच नावावर, तिच्याच जुन्या नंबरावर पुस्तक द्या. नंबर तिला अजून पाठ आहे. मी विचारून ठेवला आहे.

मुदत किती ठेवायची ते तुम्ही ठरवा. माझ्या मते आठवडा पुरे, ती भरभर वाचते. यावेळी मी मधे येणार नाही.